पाच मिनिटांची माया

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या विज्ञान मेळाव्यात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. ज्वालामुखी, पर्जन्यमापक आणि टाकाऊतून टिकाऊ यांच्या गर्दीत नववीतल्या तीन मुलांचा एक तक्ता आमच्या नजरेत भरला. विषय होता ‘गाय आणि तिचे नवजात वासरू’. चित्रे सुरेख होती. चित्रांखालचा मजकूर असा : ‘गाय वासराला चाटते, कारण तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक तयार होते. वासरू जन्मल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मायेचे बटण चालू होते. ही वेळ चुकली तर गाय वासराला आपले मानत नाही.’ आणि सर्वांत खाली, तांबड्या शाईत : ‘मानवातही असेच घडते.’

मुले धीट होती, उत्तरे चटचट देत होती. परीक्षकांनी, म्हणजे त्यात आम्हीही आलो, तक्त्याला दुसरे बक्षीस दिले. नंतर चहाच्या वेळी त्याच शाळेतल्या एक बाई जवळ आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, “सर, माझी मुलगी सिझेरियनची. वजन कमी म्हणून तीन दिवस काचेच्या पेटीत होती. मग आमचे बटण राहूनच गेले म्हणायचे!” बाई हसत होत्या खऱ्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आम्ही त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. त्या तक्त्याचे परीक्षण येथे नव्याने करीत आहोत. खरे तर ते बक्षीस देण्याआधीच व्हायला हवे होते.

दोष मुलांचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्या मजकुरातले एकही वाक्य त्यांनी मनाने रचलेले नव्हते. प्रत्येकामागे कोणीतरी केलेला खरा प्रयोग आहे. प्रयोगशाळेतून पुस्तकात आणि पुस्तकातून तक्त्यावर येताना प्रयोगाच्या अटी वाटेत गळून पडल्या, आणि उरले ते वाक्य.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न परीक्षेत आला असता, तर मुलांनी लिहिले असते, ‘गायीची वासरावर माया असते म्हणून ती त्याला चाटते.’ आपल्या भाषेत हे उत्तर फार खोल रुजले आहे. ‘वात्सल्य’ हा शब्दच मुळी ‘वत्स’ म्हणजे वासरू यावरून आला. माणसाच्या आईच्या प्रेमाला नाव देताना आपण तो गोठ्यातून उसना आणला. वसुबारसेला एकट्या गायीची पूजा होत नाही, वासरासकट होते. तक्त्यावरच्या मुलांनी ‘माया’ खोडून ‘ऑक्सिटोसिन’ लिहिले. उत्तर शास्त्रीय झाले का? एक साधी कसोटी लावून पाहू. गाय वासराला केव्हा चाटणार नाही, हे या उत्तरातून सांगता येते का? ‘माया असते म्हणून’ यातून ते सांगता येत नाही. ‘ऑक्सिटोसिनमुळे’ यातूनही येत नाही. दोन्ही उत्तरे घटनेला नाव देतात आणि थांबतात. फरक एवढाच की दुसऱ्या नावापुढे विद्यार्थी प्रश्न विचारायला धजत नाही.

तेव्हा गोठ्यापासून सुरुवात करू. वासरू बाहेर पडते ते गर्भजलाने निथळत, अंगावर पातळ पडद्यांचे तुकडे घेऊन. गाय आडवी होऊन व्याली असेल तर उठते, वळते, हुंगते आणि चाटू लागते. जीभ खरखरीत, चाटण्याला जोर असा की वासरू हेलपाटते. त्याने अंग कोरडे होते, रक्ताभिसरणाला आणि श्वासाला चालना मिळते. चाटताना गाय तोंड मिटून घशातल्या घशात हंबरते. हे हंबरणे वेगळे, हे गोठ्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ साली त्याची मोजणी प्रसिद्ध केली. वासरू जवळ असताना गायीच्या आवाजाची मूळ कंप्रता सरासरी ८१ हर्ट्झच्या आसपास होती, आणि ते नजरेआड झाल्यावर जवळजवळ दुप्पट, सुमारे १५३ हर्ट्झ. शिवाय प्रत्येक गायीचा आवाज मोजमापात वेगळा ओळखू येत होता.

इकडे वासराचीही धडपड चाललेली असते. तासाभरात, कधी त्याआधीच, ते लटपटत उभे राहते आणि आईच्या अंगाला नाक लावीत सड शोधू लागते. ते शोधते वरच्या बाजूला, जिथे पाय पोटाला मिळतात तिथे. पहिलारू गायीची कास तिथेच, घट्ट आणि उंच असते. अनेक वेते झालेल्या गायीची कास खाली लोंबते, आणि वासरू वरच्या कातडीलाच चोखत राहते. इंग्लंडमध्ये एडवर्ड्‌स आणि ब्रूम यांनी १९८० च्या सुमारास दुभत्या गायींचे पाहणे केले, तेव्हा बरीच वासरे पहिल्या सहा तासांत चीक पिऊ शकली नव्हती, आणि त्यांत अनुभवी गायींची वासरेच जास्त होती. आई अनुभवी, माया भरपूर, आणि वासरू उपाशी! हे उपाशी राहणे साधे नसते. गायीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत, ती सगळी चिकात असतात. आणि वासराच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात जाण्याची सोय जेमतेम पहिला दिवसभर असते, तीही तासागणिक कमी होत जाते. खरवसाचा मोह आम्हालाही आहे, पण पहिल्या धारा वासराच्याच.

आता कसोटीकडे वळू : गाय केव्हा चाटणार नाही? याची सर्वांत चांगली उत्तरे गायीकडून नव्हे, तर मेंढीकडून मिळाली आहेत. मेंढी लहान, स्वस्त आणि कळपात एकाच हंगामात विणारी, म्हणून प्रयोगाला सोयीची. फ्रान्समधील लेव्ही, पॉइंद्राँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की एरवी मेंढी गर्भजलाच्या वासाने तोंड फिरवते, मात्र विण्याच्या सुमारास तोच वास तिला ओढून घेतो. मग १९८७ मध्ये लेव्ही आणि पॉइंद्राँ यांनी नवजात कोकरे धुऊन आयांपुढे ठेवली. पहिल्यांदा व्यालेल्या मेंढ्यांचे यामुळे फार बिघडले, आधी पिल्ले वाढविलेल्या मेंढ्यांचे तितके नाही. म्हणजे ओढ आधी ओलाव्याची असते, पिल्लाची नंतर. गायींतही याची खूण दिसते. अनेक गाभण गायी एकत्र ठेवल्या, तर जिला व्यायला अजून काही तास आहेत अशी गाय दुसरीचेच वासरू चाटू लागते, आणि कधी कधी त्या गडबडीत वासरू भलतीलाच पिऊ लागते. तिची माया खोटी असते असे कोण म्हणेल? पण ती तिच्या वासरावरची अजून नसते.

दुसरी अट अधिक विलक्षण आहे. केंब्रिजच्या केव्हर्न आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये गाभण नसलेल्या, पण योग्य संप्रेरके दिलेल्या मेंढ्यांच्या जननमार्गाला काही मिनिटे ताण दिला. त्या मेंढ्या समोरच्या परक्या कोकराला चाटू लागल्या! इतकेच नव्हे, ज्यांनी आपले कोकरू पत्करून झाले होते त्याही, असा ताण दिल्यावर, परके कोकरू जवळ घेऊ लागल्या. उलट बाजूने, १९८७ मध्ये फ्रान्समध्ये विणाऱ्या मेंढ्यांच्या पाठीच्या कण्यातून बधिरीकरण केले, तेव्हा त्यांचे आईपण विस्कळीत झाले. बाळंतपणात जननमार्गाला बसणारा ताण मज्जारज्जूतून मेंदूला वर्दी देतो, आणि त्या वर्दीवर पुढचे बरेच अवलंबून असते.

आता ऑक्सिटोसिन. त्या वर्दीवर मेंदू हेच रसायन सोडतो, म्हणजे तक्त्याचे पहिले वाक्य अगदीच निराधार नव्हते. केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ते मेंढीच्या मेंदूतील पोकळीत थेट सोडले, आणि न व्यालेल्या मेंढीत आईपण जागे झाले. पण ‘शरीरात’ आणि ‘मेंदूत’ यांत फरक आहे, आणि तो आपल्याकडच्या तबेल्यांत रोज दिसत आला आहे. वासरू मेलेल्या म्हशीला किंवा गायीला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचले की ती पान्हा सोडते. कारण रक्तातले ऑक्सिटोसिन कासेतल्या दुग्धग्रंथींभोवतीच्या पेशी आकसवते. रक्तातून मेंदूत मात्र ते सहजासहजी शिरत नाही. टोचलेली म्हैस दूध देते. ती कोणाला चाटायला धावत नाही. तक्त्यातले ‘कारण’ खरे असते तर प्रत्येक तबेल्यात इंजेक्शनागणिक माया उतू गेली असती.

याच संदर्भात ‘फूका’ या जुन्या प्रथेची आठवण होते. जनावराच्या जननमार्गात हवा फुंकून पान्हा सोडवायचा, असा हा अघोरी प्रकार. केव्हर्न यांच्या प्रयोगातील वर्दीचीच ही वाट, केवळ दुधासाठी वापरलेली. गांधीजींनी दूध सोडण्यामागे जी कारणे आत्मचरित्रात दिली आहेत, त्यांत हे एक आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. रेडकू मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवण्याची रीतही आपण पाहिलेली आहे. पेंढ्याला चाटणारी म्हैस मूर्ख, असे म्हणून मुले हसतात. पण ती पेंढ्याला नव्हे, कातडीच्या वासाला चाटत असते. तिच्या नाकाच्या हिशेबाने तिची काही चूक नाही.

आता त्या पाच मिनिटांकडे येऊ, कारण तक्त्याचा जीव तिथे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पीटर क्लॉप्फर आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये शेळ्यांवर प्रयोग केला. विताक्षणी करडू काढून घेतले आणि काही वेळाने परत दिले, तर पुष्कळ शेळ्या त्याला ढुशा देत. तेच काढण्याआधी पाच मिनिटे आईजवळ राहू दिले, तर परत आल्यावर ती त्याला घेई आणि परक्या करडाला मात्र हाकली. निष्कर्ष असा निघाला की पाच मिनिटांत पिल्लाचा ठसा आईवर उमटतो. १९७१ मध्ये क्लॉप्फर यांनी सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. आईची माया कशाने ‘चालू’ होते, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. तक्त्यावरचे बटण आले ते इथून, असा आमचा तर्क आहे. १९७७ मध्ये हडसन आणि मलर्ड यांनी दुभत्या गायींवर तसाच प्रयोग केला आणि त्यांनाही आढळले की व्याल्याबरोबर पाच मिनिटांचा सहवास गायीला आपले वासरू ओळखून धरायला पुरतो.

पुढची गोष्ट पुस्तकांत क्वचितच येते. क्लॉप्फर यांच्याच गटातील गुबरनिक यांना शंका आली. प्रयोगातली परकी करडे आधी आपापल्या आयांजवळ राहिलेली होती. त्यांच्या अंगावर त्या आयांच्या जिभेचा आणि दुधाचा वास बसला असणार. मग शेळी ‘माझे नाही’ म्हणून हाकलीत होती, की ‘दुसरीचे आहे’ म्हणून? आईजवळ न राहिलेली कोरी करडे आणून पाहिली, तेव्हा शेळ्यांनी ती स्वीकारली. १९७९ आणि १९८० मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि १९७९ च्या शोधनिबंधावर खुद्द क्लॉप्फर यांचेही नाव होते. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षापुढे प्रश्नचिन्ह घालणाऱ्या निबंधावर सही करणे सोपे नसते. आम्ही स्वतः या धंद्यात असल्यामुळे हे जरा आदराने नोंदवतो. पण तिथेही प्रकरण मिटले नाही. १९९३ मध्ये फ्रान्समधील गटाने दाखविले की आईची अशी खूण बसलेली नसतानाही शेळी पिल्लापिल्लांत भेद करू शकते, म्हणजे पिल्लाचा स्वतःचा वासही तिला कळतो. थोडक्यात, तक्त्यावर एका ओळीत बसवलेली गोष्ट जाणकारांनी तीस वर्षे उलटसुलट तपासली होती.

आणि पाच मिनिटे पुरतात, एवढे मान्य केले तरी तक्त्याचे पुढचे वाक्य त्यातून निघत नाही. गणिताच्या शिक्षकांना हे चटकन कळेल : ही पुरेशी अट आणि आवश्यक अट यांची गल्लत आहे. ‘पाच मिनिटे पुरतात’ म्हणजे ‘पहिली पाच मिनिटे हुकली की संपले’ असे नव्हे. व्याल्यानंतर पिल्लाशी संबंधच आला नाही, तर आईची ओढ ओसरते हे खरे, पण ती ओसरते ती काही तासांत. आणि ओसरलेली परत आणता येते, हे केव्हर्न यांच्या मेंढ्यांनी दाखविलेच. मेलेल्या पिल्लाचे कातडे पोरक्या पिल्लावर पांघरून ते त्याच आईला लावण्याची युक्ती तर मेंढपाळांना कितीतरी जुन्या काळापासून येते.

बटणाच्या कल्पनेला खरा धक्का बसतो तो दुसऱ्याच कामातून. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात वीअरी आणि चुआ यांनी २००० साली वासरे आईपासून तीन निरनिराळ्या वेळी तोडली : सहा तासांनी, एका दिवसाने, चार दिवसांनी. चार दिवसांनी तोडलेल्या गायी सर्वांत जास्त हंबरल्या, सर्वांत जास्त येरझारा घातल्या. पाच मिनिटांत बटण चालू होऊन काम पुरे होत असते, तर सहा तास आणि चार दिवस यांत फरक पडायचे कारण नव्हते. प्रयोग निराळे, मोजलेल्या गोष्टी निराळ्या, हे मान्य. तरीही दोन्ही शेजारी ठेवून वाचले की दिसते ते असे : पाच मिनिटांत होते ती ओळख. तिच्यावर पुढचे थर चाटण्याचे, पाजण्याचे, हंबरण्याचे, आणि ते दिवसागणिक चढत जातात.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. परदेशांतील मोठ्या दूधशाळांत वासरू जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसभरात वेगळे करतात, आणि त्याचे समर्थन म्हणून ‘जीव जडण्याआधी तोडले तर त्रास कमी’ असे सांगितले जाते. वीअरी यांचे आकडे वरवर पाहता त्याला दुजोरा देतात. पण त्याच गटाने २००१ मध्ये एक दिवस आणि दोन आठवडे अशी तुलना केली, तेव्हा जास्त दिवस आईजवळ राहिलेल्या वासरांचे वजन अधिक भरले. आणि लवकर तोडल्याने वासराचे आरोग्य सांभाळले जाते, या समजुतीला एकसारखा पुरावा नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. तेव्हा ‘त्रास कमी’ म्हणजे कोणाचा, कोणत्या दिवशी मोजलेला, हे विचारले पाहिजे. आपल्याकडे देशी गाय आणि म्हैस वासराने ढुसण्या दिल्याखेरीज बहुधा पान्हवत नाहीत, त्यामुळे वासरू निदान धारेच्या वेळी तरी आईजवळ येते. त्यात दयेपेक्षा गरज अधिक आहे, पण वासराला त्याने फरक पडत नाही.

आता तांबड्या शाईतले वाक्य. १९७२ मध्ये अमेरिकेत क्लाउस आणि केनेल या बालरोगतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठ्ठावीस माता, त्यांपैकी निम्म्यांना पहिल्या तीन दिवसांत बाळाबरोबर सोळा तास जास्त मिळाले. पुढे त्या माता बाळाकडे अधिक ओढल्या गेलेल्या दिसल्या. शेळ्या-मेंढ्यांवरच्या कामाचा आधार त्यांच्या विचाराला होता. त्यातून एक चांगली गोष्ट झाली : बाळाला जन्मतःच दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवण्याची रीत अनेक इस्पितळांनी सोडली. पण त्याबरोबर हेही पसरले की पहिले तास हुकलेली आई कायमची उणी. पुढच्या अभ्यासांत असा टिकाऊ परिणाम सिद्ध झाला नाही. क्लाउस आणि केनेल यांनी स्वतः १९८२ च्या पुस्तकात आपला सूर बराच खाली आणला, आणि १९९२ मध्ये डायन आयर यांनी या साऱ्या कल्पनेवर एक कडक टीकाग्रंथ लिहिला. तोवर किती आया मनाशी कुढल्या असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

शेळीला कळपातल्या पन्नास करडांतून आपले एक ओळखायचे असते, तेही पहिल्या काही तासांत, कारण करडू लगेच चालू लागते. माणसाचे मूल कितीतरी महिने जागचे हलत नाही. आणि आपण मुलाला केवळ वासावरून ओळखीत नाही. दत्तक घेणाऱ्या आया आहेत, बाप आहेत, नातवंडे वाढविणाऱ्या आज्या आहेत. यांपैकी कोणाच्या मज्जारज्जूतून कसलीच वर्दी गेलेली नसते. मेंढीतसुद्धा अनुभवी आई धुतलेल्या कोकराला जवळ घेते, हे आपण वर पाहिले. मग माणसाला पाच मिनिटांच्या खुंटीला बांधणारे आपण कोण? बाईंना त्या दिवशी आम्ही हे सांगायला हवे होते. नंतर पत्राने कळविले.

मुलांनाही वेगळे पत्र लिहिले. बक्षीस काढून घेतलेले नाही, पण तक्ता पुन्हा करा, असे सुचविले. तांबडे वाक्य काढायचे, आणि ‘कारण’ या शब्दाच्या जागी आपण पाहिलेले लिहायचे. तिघांपैकी एकाच्या घरी गाय गाभण आहे. घड्याळ आणि वही घेऊन बसा, असे त्याला सांगितले आहे. वासरू पडल्यापासून किती वेळाने तिने पहिल्यांदा जीभ लावली, अंगाच्या कोणत्या भागाला, त्याआधी ती जमिनीवरचा ओलावा चाटत होती का, वासराने पहिला सड किती वेळा नाक चुकवून किती वेळाने धरला, वार केव्हा पडली (घरचे लोक ती उचलण्याच्या आत पाहावी लागेल), आणि हंबरण्याचा सूर केव्हा बदलला. गोठ्यात दुसरी गाभण गाय असेल तर ती काय करते, याकडेही लक्ष ठेवावे. हीच नोंद इतर शाळांतल्या मुलांनाही ठेवता येईल. मात्र नवी व्यालेली गाय ओळखीच्या माणसालाही मारायला धावते, तेव्हा बसायचे ते गव्हाणीच्या अलीकडे, आणि मोठे माणूस सोबत असतानाच.